एका प्रश्नाची तीन गावं

लंडनला राहून आलेल्या माणसाकडे सांगायला ठरावीक गोष्टी असतात. लंडन आय, बिग बेन, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा सेल आणि साउथॉलची गरम जिलेबी. माझ्याकडेही आहेत, नाही असं नाही. पण माझी तिथली चार वर्षं म्हणजे २०१५ ते २०१९. नेमका तोच काळ, जेव्हा त्या अख्ख्या देशाचं डोकं एकाच विषयावरून फिरलं होतं. टॅक्सीवाला चिडलेला, ऑफिसातला बॉस चिडलेला, बसस्टॉपवरची आजी चिडलेली. आणि गंमत म्हणजे, सगळे एकमेकांच्या बरोब्बर उलट कारणांसाठी चिडलेले! विषय एकच. ब्रेक्झिट.

त्यामुळे माझ्या फोटोंच्या फोल्डरमध्ये राजवाडे कमी आणि भलतीच गावं जास्त आहेत. बोस्टन (अमेरिकेतलं नव्हे, बरं का!), डेरी, डोव्हर. वीकएण्डला स्वस्त तिकीट मिळालं की मी सॅक उचलायचे आणि निघायचे. फिरायची हौस होतीच. पण खरं सांगायचं तर मला एक कोडं सोडवायचं होतं. इतकी शांत, गुपचूप रांगेत उभी राहणारी, त्यांच्या पायावर आपण पाय दिला तरी स्वतःच सॉरी म्हणणारी ही माणसं एवढी पेटली तरी कशावरून?

आधी पटकन उजळणी. ब्रिटन १ जानेवारी १९७३ला युरोपच्या सामायिक बाजारात सामील झालं. दोनच वर्षांनी, १९७५मध्ये, ‘राहायचं का?’ म्हणून जनतेला विचारलं, तेव्हा ६७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. मग ४१ वर्षांनी, २३ जून २०१६ला, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी ५१.९ टक्के म्हणाले, बाहेर पडा. ४८.१ टक्के म्हणाले, राहा. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडलं, आणि बंदरांवर, विमानतळांवर फरक जाणवायला लागला तो १ जानेवारी २०२१पासून. थोडक्यात, काडीमोड एका दिवसात ठरला आणि भांडी वाटून घेण्यात साडेचार वर्षं गेली.

फुली माझी, घर तिचं

तेव्हा मी दक्षिण लंडनमधल्या स्ट्रेटम भागात राहत होते. घरात आम्ही दोघी. मी पुण्याची, प्रोजेक्टवर आलेली. बोजाबिस्तरा दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर. दुसरी पोलंडची. ती २००७मध्ये आलेली, हॉस्पिटलात नर्स, नऊ वर्षं इथं टॅक्स भरणारी. बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला आणि शेजारच्या मांजराला तिनंच नावं ठेवलेली.

एक दिवस मतदानाचं कार्ड आलं. माझ्या नावानं! मला वाटलं, पोस्टात काहीतरी घोळ झाला असणार. पण नाही. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक ब्रिटनमध्ये रीतसर राहत असेल, तर त्याला तिथं मत देता येतं. भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणून मला मत. पोलंड कॉमनवेल्थमध्ये नाही, म्हणून तिला नाही. जिचं सगळं आयुष्य या प्रश्नावर टांगलेलं, ती घरी. आणि जिचा परतीचा मुहूर्त कंपनी ठरवणार, तिच्या हातात मतपत्रिका. साहेबाचं राज्य गेलं, पण त्याच्या वहीतला जुना हिशोब असा मधूनच व्याज देतो.

मतदानाच्या दिवशी लंडनमध्ये धो धो पाऊस. आपल्याला जुलैची आठवण येईल असा. चिखल तुडवत गेले आणि ‘राहावं’समोर फुली मारली. तिथं मतपत्रिकेवर पेन्सिलीनं फुलीच मारायची असते. आमचा भाग लॅम्बेथमध्ये येतो. तिथं ७८.६ टक्के लोकांनी हेच केलं. त्यामुळे रात्री आम्ही निवांत झोपलो. सकाळी उठून पाहिलं तर पाउंड गडगडलेला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून घराच्या दाराबाहेर उभे राहून राजीनामा जाहीर करताहेत. मला आधी वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आठवला. पाउंडाला शंभराच्या आसपास रुपये मिळायचे, ते एकदम नव्वदीच्या घरात उतरलेले! ती मात्र काहीच बोलली नाही. चहा केला, गणवेश चढवला आणि ड्यूटीवर गेली. वॉर्डात त्या दिवशी दोन पेशंटनी तिला विचारलं म्हणे, “मग तू परत कधी जाणार?” अगदी प्रेमानं विचारलं. तेच तिला जास्त लागलं.

आपल्या लोकांचं म्हणाल तर तिथंही दोन तट होते. भारतीय-बांगलादेशी हॉटेलवाल्यांना ‘बाहेर पडा’वाल्यांनी सांगितलं होतं, की युरोपातून येणारा लोंढा थांबला की तुमच्या तिकडच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल. बऱ्याच जणांनी त्या भरवशावर मतं दिली. पुढे आचारी काही आले नाहीत आणि ही मंडळी उघड चिडली. गंमत बघा, २०२१नंतर व्हिसा वाढले, आणि त्यात भारतीय आघाडीवरही राहिले. पण ते विद्यार्थी, नर्सा आणि आयटीवाले. तंदूरपाशी उभा राहणारा मात्र सहसा कुणी नाही!

बोस्टन: मुकादमाच्या गावाला

२०१७च्या वसंतात मी बोस्टनला गेले. कारण साधं. ब्रिटनमध्ये ‘बाहेर पडा’ला सगळ्यात जास्त टक्के मतं याच गावानं दिली होती. ७५.६. म्हणजे चौघांतल्या तिघांनी!

किंग्ज क्रॉसहून ग्रँटहम, तिथं गाडी बदलायची आणि मग दोन डब्यांची एक पॅसेंजर. बाहेर नुसती सपाट काळी जमीन. टेकडी औषधालाही नाही. कोबी, फ्लॉवर, बटाटे, पुन्हा कोबी. आणि मैलोगणती आधीपासून दिसणारा एकच उंच मनोरा, सेंट बोटॉल्फ चर्चचा. उंची सुमारे ८३ मीटर. गावकरी त्याला ‘स्टम्प’ म्हणतात, म्हणजे बुंधा. एवढ्या टोलेजंग गोष्टीला असं नाव ठेवणाऱ्या गावाबद्दल मला लगेच आपुलकी वाटली. कोथरूडकरच शोभतात!

एवढं दांडगं चर्च एवढ्याशा गावाला परवडलं कसं? तर लोकरीच्या पैशावर. १२०४ साली बंदरांनी भरलेल्या करात लंडनच्या खालोखाल बोस्टनचा नंबर होता. उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा एक संघ होता, हान्सा नावाचा. त्या संघाचे जर्मन व्यापारी इथं वखार टाकून राहायचे. म्हणजे ज्या गावानं युरोपच्या व्यापारी संघाला सगळ्यात मोठ्यानं ‘नको’ म्हटलं, ते मुळात एका युरोपीय व्यापारी संघाच्या जिवावरच मोठं झालेलं!

पण इतिहास सांगून कुणाचं भाडं कमी होत नाही. २००४मध्ये पोलंड, लिथुआनिया, लाटविया असे दहा देश युरोपियन युनियनमध्ये आले. बहुतेक जुन्या देशांनी त्यांच्या कामगारांसाठी दार काही वर्षं किलकिलंच ठेवलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी मात्र पहिल्या दिवसापासून सताड उघडलं. शेतीत हात हवेच होते. २०११च्या जनगणनेत या भागाची वस्ती होती ६४ हजारांच्या वर, आणि साधारण दहातला एक माणूस या नव्या देशांत जन्मलेला. सात वर्षांत!

बाजारपेठेतल्या एका चहाच्या दुकानात मी स्कोन खात बसले होते. शेजारच्या टेबलावर साठीतल्या एक बाई. विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला. “तुम्हाला वाटत असेल आम्ही वाईट माणसं आहोत,” त्या म्हणाल्या. मी नको नको म्हणेपर्यंत पुढे सुरू. त्यांची मुलगी घर शोधत होती, पण एकेका घरात आठ-आठ कामगार भाडं वाटून घेत असल्यामुळे भाडी चढलेली. डॉक्टरकडे नंबर लागत नाही. शाळेत वर्ग भरलेले. “त्या पोरांचा राग नाही हो. ती कष्टाळू आहेत. पण आमचं गाव बदलणार आहे, असं आम्हाला आधी कुणी विचारलं? विचारलं ते एकदाच, २०१६ला. मग आम्ही सांगितलं.”

हे सगळं कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय? मलाही वाटलं. मुंबईच्या लोकलमध्ये, पुण्याच्या कट्ट्यावर, नावं बदलून.

तिथून निघून वेस्ट स्ट्रीटला गेले. तिथं पोलिश आणि लिथुआनियन दुकानं ओळीनं. काकड्यांच्या लोणच्याच्या बरण्या, काळा पाव, सॉसेज. गल्ल्यावरच्या तरुणानं सांगितलं, की कोबी काढायला पहाटे गाडी येते, गाडी मुकादमाची असते, आणि दिवसाचं काम आहे की नाही हे आदल्या रात्री मेसेजवर कळतं. ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांसमोर आल्या. फडही तसाच, मुकादमही तसाच. आणि ज्या गावाचं पीक काढायचं, तिथं परकंही तसंच.

पुढे काय झालं? युरोपातून मोकळं येणं थांबलं, पण फ्लॉवर स्वतःहून टोपलीत येऊन पडत नाही ना! २०१९पासून हंगामी कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढला. मग शेतावर किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानची माणसं दिसू लागली. चेहरे बदलले, पहाटेची गाडी तीच. बोस्टनचा राग मग नव्या पक्षाकडे वळला. जुलै २०२४च्या निवडणुकीत तिथून रिफॉर्म यूकेचे रिचर्ड टाइस निवडून आले. जिंकलेल्या बाजूचं गाव, पण धुसफूस मात्र हरल्यासारखी.

डेरी: माझ्या पासपोर्टला दिसलेली रेघ

बोस्टनचा राग लोक आले म्हणून. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची धास्ती अगदी वेगळी. तिथं भीती होती ती एक रेघ परत येण्याची. फॉइल मतदारसंघात ७८.३ टक्के लोकांनी ‘राहावं’ म्हटलं होतं.

२०१८च्या मे महिन्यात बेलफास्टपर्यंत विमान आणि पुढे ट्रेन. दोन तासांचा प्रवास, शेवटी शेवटी रूळ थेट समुद्राला खेटून. खिडकीची सीट सोडू नका, एवढंच सांगते. डेरीला सतराव्या शतकातला अखंड कोट आहे, सुमारे दीड किलोमीटर लांबीचा. पाऊण तासात सगळी प्रदक्षिणा होते. कोटावरून खाली बॉगसाइड दिसतं. ३० जानेवारी १९७२ला नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी इथंच गोळीबार केला. १३ माणसं त्या दिवशी गेली, एक नंतर. गावाच्या नावावरूनही भांडण आहे. एका बाजूसाठी ते डेरी, दुसऱ्यासाठी लंडनडेरी. नुसतं नाव घेतलंत तरी तुम्ही कुणाचे हे लोकांना कळतं!

नदीवर एक सुंदर वळणदार पूल आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. नाव पीस ब्रिज. २०११मध्ये खुला झाला, युरोपियन युनियनच्या शांतता निधीतून. पूर्वी नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे सहसा एकमेकांत मिसळत नसत. मी गेले तेव्हा संध्याकाळी पुलावर कॉलेजची पोरं सेल्फी काढत होती. आपल्या मरीन ड्राइव्हसारखीच.

मी ज्यांच्या घरी उतरले होते, त्या काकांनी नाश्त्याला अंडी, बटाटा-ब्रेड आणि सोबत सगळा इतिहास वाढला. आयर्लंड प्रजासत्ताकाची हद्द इथून पाच-सहा किलोमीटरवर. सगळी हद्द मिळून सुमारे ५०० किलोमीटर, आणि ती ओलांडणारे दोनशेवर रस्ते. १९९८च्या गुड फ्रायडे कराराआधी तिथं सैन्याच्या चौक्या होत्या. त्यातली एक कॉशक्विनची, याच बनक्रॅना रस्त्यावर. २४ ऑक्टोबर १९९०ला आयआरएनं एका स्थानिक माणसाच्या घरच्यांना ओलीस धरलं आणि त्याला बॉम्ब भरलेली गाडी चौकीवर न्यायला लावलं. तो सैन्याच्या तळावर स्वयंपाकाचं काम करायचा, एवढाच त्याचा गुन्हा. तो आणि पाच सैनिक जागीच गेले.

“लंडनवाले विचारतात, दोन कॅमेरे आणि एक चौकी बसवली तर एवढं काय बिघडतं?” काका म्हणाले. “चौकी आली की तिचं रक्षण करायला पोलिस येतात. पोलिसांचं रक्षण करायला सैनिक. पुढचं आम्हाला पाठ आहे.”

नाश्ता झाल्यावर मी त्याच रस्त्यानं चालत निघाले. पेट्रोल पंप, एक-दोन दुकानं, मेंढ्या. आणि मग अचानक वेगाची पाटी बदलली. इतका वेळ मैलांत होती, आता किलोमीटरमध्ये. कडेची पांढरी रेघ पिवळी झालेली. बस्स. हीच ती आंतरराष्ट्रीय सीमा! ना फाटक, ना झेंडा, ना खाकी. गाड्या भरधाव जात होत्या. एक आजोबा कुत्र्याला फिरवत त्या देशात गेले आणि पाच मिनिटांनी या देशात परत आले.

मी मात्र पाटीच्या अलीकडेच थांबले. माझ्याकडे ब्रिटनचा कामाचा व्हिसा होता, आयर्लंडचा नव्हता. अडवणारं कुणी नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. पण कायदा कायदा असतो, आणि भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याला तो झोपेतही पाठ असतो. जी रेघ तिथं कुणालाच दिसत नव्हती, ती माझ्या पासपोर्टला लख्ख दिसत होती. त्या क्षणी डेरीचा सगळा जीव कशात अडकलाय, ते मला कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त कळलं. कुत्र्याला घेऊन पलीकडे जाता येणं ही किती मोठी चैन आहे!

डेरीला हवं होतं ते निम्मं मिळालं. जमिनीवरची सीमा उघडी राहिली. त्याऐवजी तपासणी गेली समुद्रावर, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडच्या मध्ये. मग दुसरी बाजू भडकली. आम्ही ब्रिटिश, आणि आमच्याच देशातून येणाऱ्या मालाला कागदपत्रं? डीयूपी पक्षानं फेब्रुवारी २०२२पासून दोन वर्षं तिथलं सरकारच चालू दिलं नाही. २०२३मध्ये विंडसर करार झाला, कागदपत्रं कमी झाली. तेव्हापासून तुम्ही ब्रिटनमधल्या सुपरमार्केटात गेलात तर चीजच्या नाहीतर मटणाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत वाचायला मिळतं: ‘नॉट फॉर ईयू’. एवढ्या मोठ्या भांडणाचं एवढंसं लेबल!

लंडन: सभ्य माणसांचा मोर्चा

२३ मार्च २०१९. परतायला दोन महिने उरलेले. ठरल्याप्रमाणे सहा दिवसांनी, २९ मार्चला ब्रिटन बाहेर पडायचं होतं. पण संसदेत कशालाच बहुमत नाही. थेरेसा मे यांचा करार जानेवारीत २३० मतांनी आपटलेला.

पार्क लेनपासून पार्लमेंट स्क्वेअरपर्यंत माणसंच माणसं. आयोजकांचा दावा होता दहा लाखांचा. आपल्याकडच्या मोर्चाची सवय असलेल्या मला तो आधी जत्रेसारखाच वाटला. घोषणा हळू, धक्का लागला की माफी, आणि कचरा ज्याचा त्यानं पिशवीत भरलेला. राग होता तो पाट्यांवर. मंत्रिमंडळाला इंग्रजीत कॅबिनेट म्हणतात आणि फडताळालाही. तेव्हा एका पाटीवर होतं, यांच्यापेक्षा आयकियाची कॅबिनेट बरी! निर्णय रद्द करा म्हणून संसदेकडे ऑनलाइन अर्ज निघाला होता, त्यावर ६० लाखांच्या वर सह्या झाल्या. काही उपयोग झाला नाही. त्याच महिन्यात ‘बाहेर पडा’वाल्यांचाही मोर्चा संडरलँडहून निघाला होता. त्यांचं म्हणणं, आम्ही जिंकून तीन वर्षं होत आली, आमचं मत गेलं कुठं? तेही काही चुकीचं बोलत नव्हते.

माझ्या रूममेटसाठी तो मार्च वेगळ्याच गडबडीचा. युरोपीय लोकांना आता राहायचा हक्क अर्ज करून मिळवायचा होता, आणि ती योजना ३० मार्चला सगळ्यांसाठी खुली झाली. पासपोर्ट स्कॅन करायचा तो मोबाइल ॲपवर. आणि ते ॲप तेव्हा फक्त अँड्रॉइडवर चालायचं. तिच्याकडे आयफोन! शेवटी माझ्या फोनवर तिनं पासपोर्ट टेकवला, चेहरा गोल गोल फिरवून दाखवला आणि बारा वर्षं आपण इथंच राहतोय, हे सरकारला सिद्ध करून दिलं. व्हिसा, फॉर्म, पुरावे यात आपली पीएचडी झालेली असते, म्हणून मी तिला भराभर सांगत होते. अर्ज मंजूर झाला. ती हसली, मग बराच वेळ नुसती बागेतल्या झाडाकडे बघत बसली. “काल मला इथं राहायचा हक्क होता,” ती म्हणाली. “आज मला इथं राहायची परवानगी आहे.” मी आयुष्यभर परवानगीवरच जगले असल्यामुळे मला त्यातला फरक तेव्हा कुठं कळला.

डोव्हर: सगळे एकाच रांगेत

तिसरं गाव पाहिलं दोनदा. २०१७मध्ये डोव्हरला गेले ती पांढरे कडे बघायला. स्वच्छ दिवशी कड्यावरून फ्रान्स दिसतो. मध्ये फक्त ३३ किलोमीटर समुद्र. बंदराच्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर बँक्सीनं त्याच वर्षी मे महिन्यात भलंमोठं चित्र काढलं होतं. युरोपचा निळा झेंडा आणि शिडीवर चढून छिन्नी-हातोड्यानं त्यातली एक चांदणी फोडणारा कामगार. २०१९मध्ये कुणीतरी रातोरात त्यावर पांढरा रंग मारला. २०२३मध्ये इमारतच पाडली.

दुसऱ्यांदा गेले ती सप्टेंबर २०२४मध्ये. ऑफिसच्या कामाला लंडनला गेले होते, सुट्टी जोडून घेतली आणि पॅरिसला जायला स्वस्तातली बस पकडली. फ्रान्सची तपासणी डोव्हर बंदरातच होते. पूर्वी ब्रिटिश माणसाचा पासपोर्ट नुसता बघून सोडायचे. आता प्रत्येकावर शिक्का. आमची बस थांबली, सगळे खाली. खिडकीपाशी रांग. मी, दोन गुजराती कुटुंबं, नायजेरियाचा एक विद्यार्थी. आणि आमच्या पुढे-मागे चाळीसेक ब्रिटिश, हातात नवे निळे पासपोर्ट. हा निळा रंग म्हणजे स्वातंत्र्याची खूण, असं तेव्हा फार गाजलं होतं. ते कोरे पासपोर्ट छापले जातात मात्र पोलंडमध्ये!

माझ्या पुढे एक निवृत्त जोडपं होतं. फ्रान्समध्ये त्यांचं छोटं घर. काका वही काढून दिवस मोजत होते. कारण आता १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहता येत नाही. मी म्हटलं, “हे गणित मला येतं, करून देऊ?” हसले. मग म्हणाले, “मी बाहेर पडायलाच मत दिलं होतं. आमचे कायदे आम्ही करावेत म्हणून. बसमधून उतरवतील हे कुणी सांगितलं नव्हतं.” पुन्हा मतदान झालं तर? काकांनी जरा विचार केला. “तेच मत देईन. पण या वेळी काम नीट करणाऱ्यांच्या हातात देईन.” काकू दुसरीकडे बघत होत्या. त्यांचं मत वेगळं असावं, हे सांगायला लागलं नाही.

१२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं नवी पद्धत आणली. शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. रांग काही लहान होणारी नाही.

मग कोडं सुटलं का?

माझ्यापुरतं सुटलं. मतपत्रिकेवर प्रश्न एक होता, पण प्रत्येक गावानं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं दिलं. बोस्टननं सांगितलं: आमचं गाव बदलताना आम्हाला विचारा. डेरीनं सांगितलं: ती रेघ परत आणू नका. डोव्हरच्या काकांना आपला कायदा आपण करायचा होता. आणि माझ्या रूममेटला, तिला कुणी विचारलंच नाही. एवढी सगळी उत्तरं दोन चौकोनांत कोंबली आणि मोजली. मग जिंकलेल्यांनाही वाटतं, आपल्याला हवं ते मिळालं नाही, आणि हरलेल्यांना तर वाटणारच.

सरकारच्याच स्वतंत्र अर्थसंस्थेचा, म्हणजे ओबीआरचा, अंदाज आहे की युरोपात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. यूगव्हच्या पाहण्यांत गेली काही वर्षं निम्म्याहून जास्त लोक म्हणताहेत, की बाहेर पडणं चुकलं. पण परत जायचं नावही मोठे पक्ष जपूनच काढतात. त्याऐवजी एकेक धागा पुन्हा जोडणं चाललंय. मे २०२५मध्ये युरोपशी नवा समझोता झाला. २०२७पासून ब्रिटिश विद्यार्थी इरॅस्मस योजनेत परततील, असं ठरलंय. आणि वेगळं झाल्यामुळे जे जमलं त्यातलं एक आपल्या वाट्याला आलं. २४ जुलै २०२५ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच स्वस्त होणार म्हणून आपल्याकडे ऑफिसच्या ग्रुपवर काय जल्लोष! त्या बाटलीमागे बोस्टनच्या त्या बाईंचीही फुली आहे, हे ग्रुपवर सांगायचं मी टाळलं.

रूममेट अजून स्ट्रेटमलाच आहे. झाडाला यंदा भरपूर सफरचंदं लागली, असा तिचा मेसेज आला होता. आता ती ब्रिटिश नागरिक झालीय. पुढच्या वेळी विचारतील, तेव्हा फुली तिचीही असेल.

जायचं असेल तर…

बोस्टन: लंडन किंग्ज क्रॉसहून, ग्रँटहमला गाडी बदलून. बुधवारी नाहीतर शनिवारी जा, बाजार भरलेला असतो. चर्चसोबत वेस्ट स्ट्रीटवरच्या दुकानांतला काळा पाव चुकवू नका.

डेरी: बेलफास्टहून ट्रेन. कोटाची फेरी आणि संध्याकाळी पीस ब्रिज. पाटी ओलांडून डोनेगलला जायचं असेल तर आयर्लंडच्या व्हिसाचे नियम घरूनच बघून निघा. तिथं विचारणारं कुणी नसतं, म्हणूनच.

डोव्हर: सेंट पँक्रसहून वेगवान ट्रेननं साधारण तासाभरात. कड्यांवरून साउथ फोरलंडच्या दीपगृहापर्यंत चालत जा. फेरीनं पलीकडे जाणार असाल तर शेंगेन व्हिसा हवाच, आणि पुस्तक सोबत ठेवा. रांगेत वेळ बरा जातो. गप्पा मारायला माणसंही आता पूर्वीपेक्षा जास्त असतात.